‘आम्ही’ आणि ‘आपण’ : हात्झफेल्ड यांच्या रुवांडाविषयक ग्रंथत्रयीसंबंधी काही भाषिक विचार

फ्रेंच पत्रकार झाँ हात्झफेल्ड यांनी रुवांडातील वंशसंहारावर लिहिलेले ‘जीवनाच्या नग्नतेत’ (२०००), ‘कोयत्यांचा हंगाम’ (२००३) व ‘कुरंगांचा डावपेच’ (२००७) हे तीन ग्रंथ एकत्रच वाचावयास हवेत. (शीर्षकांचे मराठीकरण प्रस्तुत लेखकाचे आहे.) पहिल्यात वाचलेल्या चौदा माणसांची निवेदने आहेत, दुसऱ्यात, शिक्षा होऊन तुरुंगात असलेले दहा मारेकरी बोलतात, तिसऱ्यात, २००३ साली कैदी सुटून गावी परतल्यानंतर पुन्हा सुरू झालेला दोघांचा शेजार आहे. तिन्हींचे स्थळ एकच, न्यामाता. या भागातील सुमारे ५९ हजार तुत्सींपैकी सुमारे ५० हजार माणसे ११ एप्रिल ते १४ मे १९९४ या काळात मारली गेली, तीही बहुतांशी शेतातल्या कोयत्याने. हा हिशेब ग्रंथकार आरंभीच कोरडेपणाने मांडतो आणि त्यानंतर स्वतःचा स्वर कोठेही चढवीत नाही. ग्रंथत्रयीचा हा पहिला गुण होय.

भाषाभ्यासकास अधिक मोलाचे वाटावे असे एक निरीक्षण दुसऱ्या ग्रंथात आहे. कैद्यास एकवचनी ‘तू’ने प्रश्न विचारला की तो आखडत असे, नाकारीत असे, तोच प्रश्न अनेकवचनी ‘तुम्ही’ने विचारला की बारीकसारीक तपशिलांसह उत्तर येई. कृत्य एकेकाच्या हाताने घडले, पण त्याचे कथन मात्र टोळीच्या तोंडूनच होऊ शकते. गुन्ह्याचा कर्ता वाक्यात एकवचनी होण्यास तयार नसतो, हे येथे व्याकरणानेच उघड केले आहे. मराठी अनुवादकाची येथे पंचाईत होईल. आपल्या ‘तुम्ही’त आदर आणि अनेकत्व ही दोन्ही मिसळलेली असल्यामुळे ‘तुम्ही सर्वांनी’ असे स्पष्ट लिहिल्यावाचून त्यास गत्यंतर नाही.

त्याहून सूक्ष्म प्रश्न फ्रेंच ‘नू’ या सर्वनामाचा आहे. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास पोटात घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे. फ्रेंचमध्ये तो नाही. मारेकरी दलदलीतल्या शोधाविषयी बोलतो तेव्हा ते सर्वनाम निःसंशय ‘आम्ही’ होय. परंतु १९९४ पूर्वीच्या गावाविषयी, एकाच चर्चमधील गाण्याविषयी, एकाच फुटबॉल संघाविषयी तो बोलतो तेव्हा? तुरुंगातील या संभाषणांत दुभाषा होता तो वंशसंहारातून वाचलेला एक शिक्षक. त्याच्यासमोर उच्चारलेले ते सर्वनाम ‘आपण’ होते की ‘आम्ही’, हे फ्रेंच पाठावरून ठरविता येत नाही, आणि शेजाऱ्याचा शत्रू कोणत्या वाक्यात झाला हे नेमके तेथेच दडले आहे.

ग्रंथकारावरील माझा मुख्य आक्षेप येथूनच निघतो. निवेदनांतून त्यांनी प्रश्न काढून टाकले आणि कथने अखंड, नितळ केली. या संस्कारात दुभाषाचा आवाजही पुसट झाला. वाचकास वाटते की आपण साक्षीदारासच ऐकत आहोत. वस्तुतः तो दोन भाषांतून गाळून आलेले, रचलेले गद्य वाचीत असतो. हे गद्य सुंदर आहे, आणि म्हणूनच शंका अधिक वाटते. आपल्या आप्तांना मारणाऱ्यांची वाक्ये एका वाचलेल्या माणसाने आपल्या तोंडून परक्या भाषेत उच्चारली, हे स्मरणाचे केवढे अवघड कार्य! त्याची भाषिक छाननी या ग्रंथांत अपुरी राहिली आहे.

मूळ शब्दांकडे वळले की चित्र अधिक गहिरे होते. किन्यारवांडात ‘गुकोरा’ म्हणजे काम करणे. १९९४ च्या प्रचारात ते ठार मारण्याचे सांकेतिक क्रियापद झाले. ‘इत्सेम्बाब्वोको’ या शब्दात ‘गुत्सेम्बा’ (निर्मूलन करणे) व ‘उब्वोको’ (कूळ, जात) हे दोन घटक आहेत, आणि यांतील ‘उब्वोको’ हाच शब्द ओळखपत्रावर छापलेला असे, जे पत्र रस्त्यावरील अडसरापाशी माणसाचे मरण ठरवी. २००८ च्या घटनादुरुस्तीने परभाषेतून आलेला ‘जेनोसिदे’ हा शब्द घेऊन ‘जेनोसिदे याकोरेवे अबातुत्सी’ ही संज्ञा रूढ केली. यातील ‘याकोरेवे’ हे रूप त्याच ‘गुकोरा’ धातूचे आहे. मात्र त्यास ‘कोणावर’ हे दर्शविणारा प्रत्यय आणि कर्मणिरूप जोडलेले आहे. मारेकऱ्यांचे ‘काम’ ज्यांच्यावर झाले त्यांचे नाव आता वाक्यातून गाळता येत नाही. स्मारके पुष्कळ उभारली गेली, २०२३ मध्ये न्यामातासह चार स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशातही आली. पण हे छोटे प्रत्ययरूप मला त्यांच्याइतकेच टिकाऊ स्मारक वाटते.

तिसऱ्या ग्रंथाचा विषय सलोखा हा आहे, आणि तिघांत धाडसी तोच. गवताच्या नावावरून ओळखली जाणारी ‘गचाचा’ ग्रामन्यायालये २००५ पासून देशभर चालली व जून २०१२ मध्ये बंद झाली. सुमारे १२ हजार न्यायालयांतून उघड्यावर कबुली देणे व क्षमा मागणे यांस शिक्षेतील सवलतीची जोड होती. इतक्या थोड्या वर्षांत इतके खटले चालवण्यास दुसरा मार्ग कोणता होता, हे टीकाकारांनीही सांगितले पाहिजे. तथापि सवलत मिळवून देणारे वाक्य आणि पश्चात्तापाचे वाक्य शब्दशः एकच असले, तर ऐकणाऱ्याने त्यांतील भेद कशावरून करावा? हात्झफेल्ड यांच्यापाशी बोलणारी वाचलेली माणसे याच ठिकाणी अडतात. शेजारी परतला आहे, बाजारात नमस्कार होतो, शेते लागून आहेत. राज्यास सलोखा हवा आहे आणि त्याचे ओझे मात्र ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याच खांद्यावर आहे.

क्षमा करणे यास त्या भाषेत ‘कुबाबारिरा’ म्हणतात. ‘कुबाबारा’ म्हणजे वेदना होणे, सोसणे. त्यास ‘कोणासाठी’ या अर्थाचा प्रत्यय लागून हे क्रियापद सिद्ध होते. प्रचलित वापरात बोलणाऱ्यास ही व्युत्पत्ती प्रत्येक वेळी जाणवते असे मानण्याचे कारण नाही. आपणही ‘क्षमा’ म्हणताना पृथ्वी आठवीत नाही. परंतु या ग्रंथांचा मराठी अनुवाद कधी झालाच, तर कैद्याच्या तोंडी ‘माफी’ आणि वाचलेल्या स्त्रीच्या तोंडी ‘सोसणे’ असे दोन भिन्न शब्द योजण्याचा मोह अनुवादकाने टाळावा, असे मला वाटते. मूळ भाषेत धातू एकच आहे, आणि दोघांनाही तोच वापरावा लागतो.