दिवाणखान्यातले खून

१८९०च्या सप्टेंबरात यॉर्कशायरमधल्या ट्रॅन्बी क्रॉफ्ट या बंगल्यावर बडी मंडळी मुक्कामाला होती. दिवसा घोड्यांच्या शर्यती, रात्री पत्त्यांतल्या बॅकराचा डाव, आणि डावात खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स. सर विल्यम गॉर्डन-कमिंग हे लष्करी अधिकारी पानं पाहून आपल्या पैजेच्या चकत्या हळूच कमीजास्त करतात, असा संशय यजमानांच्या मुलाला आला. पोलिसांना कुणी बोलावलं नाही. 'पुन्हा कधीही पत्ते खेळणार नाही' अशा अर्थाच्या कागदावर त्यांची सही घेतली आणि बदल्यात सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं ठरलं. तरीही गुपित फुटलं. गॉर्डन-कमिंगनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, १८९१मध्ये भावी राजाला साक्षीसाठी कोर्टात यावं लागलं आणि दावा फेटाळला गेला. मग सैन्यातली नोकरीही गेली आणि वरच्या वर्तुळातलं स्थानही.

या प्रकरणात प्रेत नाही, पण व्हिक्टोरियन उच्चभ्रूंमध्ये घडणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकथेचा सगळा मसाला आहे. इथे गुन्ह्यापेक्षा बोभाट्याची धास्ती मोठी. प्रत्येकाकडे झाकण्यासारखं काहीतरी असतं आणि विचारपूस करायची तर ती चहाचा कप हातात धरून, हवापाण्याच्या गप्पांआडून. म्हणूनच या कथांमधली गंमत आणि उत्कंठा दोन्ही शिष्टाचारातून यायला हवीत. नियम जितका कडक, तितका डाव रंगतो. गेल्या पन्नासेक वर्षांतली चांगली पुस्तकं हे जाणून लिहिलेली आहेत. अलीकडच्या अनेकांना मात्र याचा विसर पडला आहे.

या परंपरेचा पाया भक्कम केला तो एलिझाबेथ पीटर्स यांनी. हे टोपणनाव. मूळच्या बार्बरा मेर्ट्झ शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट घेतलेल्या विदुषी. १९७५च्या 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक'मधली त्यांची अमेलिया पीबडी बत्तीस वर्षांची, अविवाहित, वडिलांच्या पैशाची वारस, हातात छत्री आणि स्वतःच्या मतांवर गाढ विश्वास. गोष्ट तीच सांगते आणि तिला जे दिसत नाही ते वाचकाला दिसतं. विनोद येतो तो या फटीतून. पीटर लव्हसी यांनी हीच युक्ती त्या प्रिन्स ऑफ वेल्सवर वापरली. 'बर्टी अँड द टिनमॅन'मध्ये (१९८७) विख्यात जॉकी फ्रेड आर्चरच्या मृत्यूचा तपास युवराज स्वतः करतात. आपण निष्णात गुप्तहेर आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसते. राजपुत्राला तोंडावर 'चुकलात' म्हणायचं नाही या एका रिवाजावर सगळी धमाल उभी आहे.

पुढच्या पिढीच्या नायिका पाहिल्या तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. त्या बहुतेक विधवा आहेत. टाशा अलेक्झांडरची लेडी एमिली, डिॲना रेबर्नची लेडी ज्युलिया ग्रे, डायॅन फ्रीमनची काउंटेस ऑफ हार्ली, तिघींची कथा नवऱ्याच्या मृत्यूपासून सुरू होते. याला कारण आहे. त्या काळी कुमारिकेला सोबतीणीशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नसे आणि विवाहितेच्या मिळकतीवर १८८२च्या कायद्यापर्यंत नवऱ्याचाच ताबा असे. विधवा मात्र आपल्या पैशाची आणि वेळेची मालकीण. पण आधी शोक पाळायचा, काळे कपडे घालायचे, मेजवान्यांपासून दूर राहायचं. रेबर्न यांनी 'सायलेंट इन द ग्रेव्ह'मध्ये (२००७) याचा फार सुंदर उपयोग केला आहे. नवऱ्याला धमक्या येत होत्या हे ज्युलिया सुरुवातीला मानतच नाही. वर्षभराने त्याचं सामान आवरताना तिच्या हाती धमकीची चिठ्ठी लागते, तोवर पुरावे थंडावलेले असतात. शोकाचं वर्ष इथे निव्वळ देखावा राहत नाही, तपासातली धोंड होतं.

आज मात्र या प्रकारच्या कितीतरी पुस्तकांत विधवापण हा नुसता परवाना झाला आहे. नायिका रात्री खिडकीतून उतरते, जुगाराच्या अड्ड्यावर जाते, इन्स्पेक्टरला चार शब्द सुनावते आणि सकाळी तिच्या नावाची आमंत्रणं तशीच्या तशी येतात. तिची मतं आजची, गाउन तेवढा त्या काळचा. काही पणाला लागलेलंच नसेल तर तिच्या धाडसाचं कौतुक कशाचं करायचं? शेरी थॉमस यांची शार्लट होम्स म्हणूनच मला मोलाची वाटते. 'अ स्टडी इन स्कार्लेट विमेन'मध्ये (२०१६) तिची बदनामी होते ती खरोखरची. घर सुटतं, दारं बंद होतात. बाईकडे सल्ला मागायला कोणी येणार नाही, म्हणून तिला अंथरुणाला खिळलेला 'शेरलॉक' नावाचा भाऊ रचावा लागतो. सगळी बुद्धी तिची, नाव त्याचं. वाचताना हसू येतं आणि संतापही.

दुसरी उणीव माजघराची. तेव्हा इंग्लंडमध्ये दहा लाखांहून जास्त बायका घरकामाच्या नोकरीत होत्या, पण बहुतेक कथांत मोलकरीण येते ती किंचाळून प्रेत दाखवण्यापुरती. एमिली ब्राइटवेल यांच्या १९९३पासूनच्या मिसेस जेफ्रीज मालिकेने हे उलटं केलं. तिथे इन्स्पेक्टर विदरस्पून यांचा तपास त्यांच्या नकळत त्यांचे नोकर पार पाडतात. स्वयंपाकीण मिसेस गूज घराबाहेर पडत नाही. सामान घेऊन येणाऱ्या पोऱ्यांना ती चहा-केक देऊन बसवते आणि सगळ्या गल्लीची बातमी तिच्या टेबलावर येते. या पुस्तकांची भाषा साधी, रचना ठरीव, पण माणसांची पारख पक्की.

आणि या हवेल्यांचा पैसा आला कुठून? विल्की कॉलिन्सने १८६८च्या 'द मूनस्टोन'ची सुरुवातच १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून केली होती. आजच्या खेळकर कथांमधून हिंदुस्थान येतो तो बहुधा हिरा, विष किंवा निवृत्त कर्नल बनून. त्या मानाने नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) फार वेगळी. ती तितकीशी खेळकर नाही, पण कुळाचार आणि अब्रू यांची तीच वीण तिच्यात आहे. १८९१मध्ये राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून मरण पावल्या, ती खरी घटना तिच्या मुळाशी आहे. तपास करणारा कॅप्टन जिम अग्निहोत्री अर्धा इंग्रज, अर्धा हिंदुस्थानी. त्या तरुणींचं पारशी घर त्याला मानाने वागवतं, पण त्या घरच्या डायनाशी लग्न म्हणजे समाजाबाहेर जाणं. मार्च यांनी ही अट कुठेही सैल केलेली नाही. २०२२च्या 'पेरिल ॲट द एक्स्पोझिशन'मध्ये ते दोघं नवराबायको म्हणून भेटतात, ते अमेरिकेत.