कुलवृत्तांत आणि बाप्तिस्मा : माक घराण्याच्या वंशलेखनाच्या निमित्ताने

कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार मानावा की केवळ इतिहासाचे साधन, या प्रश्नाचा विचार आपल्या समीक्षेत तुरळकच झालेला दिसतो. राजवाड्यांच्या काळापासून वंशावळी, करीने, कैफियती यांचे मोल इतिहाससंशोधकांनी ओळखले. बखरीला तर मराठी गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले. परंतु विसाव्या शतकात निरनिराळ्या घराण्यांनी मंडळे स्थापून जे जाडजूड कुलवृत्तांत छापले, त्यांतील निवेदनाची, मौनांची आणि क्रमांकपद्धतीची चिकित्सा करावी असे समीक्षकांना क्वचितच वाटले. अशा ग्रंथात निवेदन असे काही असते, हेच बहुधा मान्य नसावे. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या लेखनाचे एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते निवडण्याचे कारण असे, की त्यात या वाङ्मयप्रकाराचे मूळ गृहीतकच अडचणीत येते.

१७०८ साली जर्मनीतील व्हिट्गेनश्टाइनच्या मुलखात, श्वार्त्सेनाउ या गावी, पाच पुरुष व तीन स्त्रिया अशा आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. बालपणी चर्चमध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा त्यांनी निरर्थक ठरवला होता. जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने, तीन वेळा पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्मा तेवढा खरा, अशी त्यांची श्रद्धा होती. या बुडण्यावरूनच त्यांना पुढे ‘डंकर’ हे काहीसे चेष्टेचे नाव पडले. ते स्वतःला ‘बंधू’, म्हणजे ब्रदरेन, म्हणवत. त्यांचा पुढारी अलेक्झांडर माक हा श्रीसहाइमचा गिरणीवाला. वडिलार्जित गिरणीतला वाटा त्याने सोडला, हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

त्याहून महत्त्वाचा तपशील दुसराच. माकला बाप्तिस्मा कोणी दिला? आठांपैकी एकाने पहिल्याने दुसऱ्याला पाण्यात उतरवले असणार, हे उघड आहे. ती व्यक्ती चिठ्ठ्या टाकून निवडण्यात आली आणि तिचे नाव कधीही उघड करायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले. ते वचन इतके काटेकोरपणे पाळले गेले, की ते नाव आजही अज्ञात आहे. पंथाला कोणा माणसाचे नाव चिकटू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे या परंपरेच्या आरंभस्थानी एक हेतुपूर्वक राखलेली रिकामी जागा आहे. कुलवृत्तांताचे व्याकरण मात्र अशी जागा सहन करीत नाही. त्याला ‘क्रमांक १’ लागतो. मूळ पुरुषाशिवाय वंशवृक्ष काढता येत नाही.

पीटर बेकरच्या नेतृत्वाखाली १७१९ मध्ये पहिली तुकडी पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनला पोचली. माक आणि त्याचे मुलगे १७२९ मध्ये ‘ॲलन’ नावाच्या जहाजाने आले. माकच्या वंशजांची नोंद करणारा फ्रीमन ॲन्क्रम यांचा ग्रंथ १९४३ चा आहे. ब्रुमबाख घराण्याचा गायस मार्कस ब्रुमबॉ यांनी सिद्ध केलेला ग्रंथ त्याहून जुना, १९१३ चा. या दोन्हींच्या मागे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्थिरावलेला वंशलेखनाचा एक रचनाबंध उभा आहे. माझा रोख एखाद्या ग्रंथावर नाही, या रचनाबंधावर आहे.

माकच्या स्वतःच्या लेखनाकडे आधी वळले पाहिजे. देवाच्या घराचे हक्क व विधी स्पष्ट करणारी त्याची पुस्तिका १७१५ ची. तिचा घाट संवादाचा आहे आणि हा संवाद चालतो बाप आणि मुलगा यांच्यात. मुलगा प्रश्न विचारतो, बाप उत्तरे देतो. प्रश्नोत्तररूप धर्मबोध ही युरोपातली सर्वपरिचित पद्धती होती हे खरे. तरीही येथे तिचा अर्थ पालटतो. श्रद्धा बापाकडून मुलाकडे वारसाने येत नाही, असे सांगणारी संहिता बाप-लेकाच्याच नात्यात बांधलेली आहे. आशय वारसा नाकारतो, घाट तो मागच्या दाराने आत घेतो. पुढे १७७४ मध्ये हे लेखन जर्मनटाउनला पुन्हा छापले गेले, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती धाकट्या अलेक्झांडर माकने, म्हणजे प्रत्यक्ष मुलाने. १७०८ च्या त्या सकाळची हकिगत आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः याच प्रस्तावनेतून. मूळ प्रसंगाच्या वेळी निवेदक जन्मलाही नव्हता; त्याचा जन्म १७१२ चा. संवादातला काल्पनिक मुलगा साठ वर्षांनी खरा संपादक होऊन संहितेच्या दारात उभा राहतो. आणि हाच संपादक ते झाकलेले नाव झाकलेलेच ठेवतो! पुत्र म्हणून तो परंपरेचा वारस आहे आणि बंधू म्हणून तिच्या मौनाचा राखणदार आहे. पुढच्या कोणत्याही वंशग्रंथात ही दुहेरी भूमिका इतक्या शुद्ध रूपात दिसत नाही.

एडवर्ड सैद यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात जन्माने येणारा संबंध आणि स्वीकाराने जोडलेला संबंध असा भेद केला. जन्मसंबंध कोसळले की आधुनिक मनुष्य पक्ष, संस्था, पंथ यांच्याशी स्वीकृत संबंध जोडतो. परंतु हे स्वीकृत संबंधही पुष्कळदा जन्मसंबंधांचीच अधिकारव्यवस्था पुन्हा उभी करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सैद यांची उदाहरणे विसाव्या शतकातील साहित्याभोवती फिरतात. ब्रदरेन घराण्यांत हाच प्रवास दोन-तीन पिढ्यांत पुरा झालेला दिसतो. ‘बंधू’ हा शब्द रक्ताच्या नात्यातून उचलून श्रद्धेच्या नात्याला दिला गेला होता. वंशग्रंथाने तो गुपचूप परत रक्ताकडे नेला.

हे कसे घडते, ते साधनांच्या पातळीवर पाहण्यासारखे आहे. युरोपीय वंशसंशोधनाचा कणा म्हणजे चर्चमधील बालबाप्तिस्म्याची नोंदवही. लुथरन आणि रिफॉर्म्ड जर्मनांच्या घरी नक्षीदार बाप्तिस्मापत्रेही असत. ब्रदरेन घराण्यांत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्माच नाही, मग नोंद कोठून असणार? ज्या श्रद्धेमुळे हे घराणे ‘ब्रदरेन’ ठरते, तीच श्रद्धा त्याचा पुरावा पुसून टाकते. मग संशोधक धाव घेतो ती घरच्या बायबलातील कोऱ्या पानांकडे, जमिनीच्या खतांकडे, मृत्युपत्रांकडे आणि जहाजांच्या याद्यांकडे. यांपैकी याद्यांचे प्रकरण मोठे मनोरंजक आहे. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील जर्मन पुरुषांकडून राजनिष्ठेच्या प्रतिज्ञेवर सह्या घेतल्या जात. अक्षरशत्रू माणूस खूण करी आणि कारकून त्याच्या कानाला जे ऐकू आले ते इंग्रजी वळणाने लिही. १९१३ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच ब्रुमबाख, ब्रुमबॉ, ब्रुमबॅक, ब्राउनबॅक अशी रूपे ओळीने दिली आहेत. पुढच्या पिढ्या ज्याला घराण्याचे नाव म्हणून मिरवतात, ते अनेकदा एका परक्या कारकुनाचे श्रवण असते. १७१९ ची तुकडी तर या याद्यांच्याही आधीची. बायका आणि मुले या स्वाक्षऱ्यांत नाहीतच. बापाचे नाव राज्यसंस्थेमुळे टिकले, आईचे बायबलाच्या कोऱ्या पानामुळे. धर्मसंघाने दोघांपैकी कोणाचेच फारसे लिहून ठेवले नाही.

आता क्रमांकपद्धती. १८७० पासून न्यू इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक अपत्याला लहान रोमन अंक मिळतो. परंतु ज्याचा वंश ग्रंथात पुढे न्यायचा आहे, त्यालाच स्वतंत्र चालू क्रमांक आणि स्वतंत्र परिच्छेद मिळतो. हेडन व्हाइट यांनी वार्षिक नोंदी, इतिवृत्त आणि इतिहास यांच्यातील भेद दाखवताना निवेदनाला नैतिक अधिष्ठान कसे लागते, हे स्पष्ट केले आहे. वंशग्रंथ वरवर नोंदीसारखा कोरडा दिसतो. त्याचे नैतिक अधिष्ठान या अंकांतच दडलेले असते. अपत्य नसलेला मनुष्य रोमन अंकावर संपतो. तो काय जगला, हा प्रश्न उरत नाही.

माक आणि झाउअर या घराण्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार बोचरी होते. कॉनराड बाइसेल याने बंधुसंघापासून फुटून १७३२ च्या सुमारास इफ्राटा येथे ब्रह्मचर्यावर आधारलेला मठ उभारला. तेथे गेलेल्यांना नवी नावे मिळत. धाकटा माक स्वतः काही वर्षे तेथे ‘बंधू तिमोथेउस’ म्हणून राहिला, मग परतला, लग्न करून संसारात पडला. म्हणून त्याला चालू क्रमांक मिळू शकतो. जर्मनटाउनचा मुद्रक ख्रिस्तोफर झाउअर, ज्याने १७४३ मध्ये जर्मन बायबल छापले, त्याची पत्नी मारिया हिची कथा वेगळी आहे. नवरा आणि लहान मुलगा यांना सोडून ती बाइसेलच्या अनुयायांत गेली, ‘भगिनी मार्सेला’ झाली, मठात अधिकारपदाला चढली आणि सुमारे चौदा वर्षांनी घरी परतली. वंशग्रंथाच्या रचनेत मारियाला जागा आहे ती पत्नी व माता म्हणून: विवाह, एक पुत्र, १७५२ मध्ये मृत्यू. तिने केलेली निवड, मठातले दुसरे नाव आणि शेवटचे परतणे यांसाठी या रचनेत रकानाच नाही. मार्सेला ही व्यक्तिरेखा मठाच्या इतिवृत्तात जगते आणि मारिया घराण्याच्या ग्रंथात. दोघी एकच, हे सांगायला तिसरी संहिता लागते. आपल्याकडे महानुभावांनी रक्ताच्या वंशाऐवजी गुरु-शिष्यांचा अन्वय नोंदवणारा ‘अन्वयस्थळ’ हा प्रकार निर्माण केला. इफ्राटाचे १७८६ चे इतिवृत्त त्याच्या जवळ जाते. संन्यस्त पंथाला आपली वंशावळ निराळी लिहावी लागते, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

वंशग्रंथाचे आणखी एक लाडके पद म्हणजे ‘आद्य वसाहतकार’. या पदाने कथा जहाजावर सुरू होते आणि जहाजाआधीची जमीन मोकळी पडते. जुनियाटा खोऱ्यात मूळ रहिवाशांशी व्यवहार पुरा होण्याआधीच गोरे कुटुंबवाले घुसले होते. १७५० मध्ये प्रांतिक सरकारनेच त्यांच्या झोपड्या जाळल्या आणि १७५४ मध्ये ऑल्बनी येथे खरेदीखत झाले. वंशग्रंथात हा भाग साधारणतः ‘त्याने रान साफ केले’ अशा धर्तीच्या एखाद्या क्रियापदात उरकतो. शांततावादी माणूस ज्या जमिनीवर हात न उगारता राहिला, ती मोकळी करायला दुसऱ्या कोणाचा तरी हात उगारला गेला होता.

याच खोऱ्याच्या लोकपरंपरेतली एक कथा यू. जे. जोन्स यांनी १८५६ मध्ये नोंदवली. मॉरिसन्स कोव्हमधील डंकर हल्ल्यापुढे प्रतिकार न करता, देवाची इच्छा म्हणत उभे राहिले आणि मारले गेले. जेकब नेफ नावाच्या गिरणीवाल्याने मात्र बंदूक उचलून दोन हल्लेखोरांना ठार केले. बंधूंनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. धर्मसंघाच्या दृष्टीने नेफ बाहेर गेला. वंशग्रंथाच्या दृष्टीने तो जिवंत राहिला, म्हणून आत आला. जे तत्त्वाला जागून मेले, त्यांच्या रेषा तेथेच तुटल्या. दोन मूल्यव्यवस्था एकाच माणसाला उलट गुण देतात, असा याहून स्वच्छ प्रसंग मला दुसरा आढळला नाही. कथा जोन्स यांच्या लेखणीतून रंगून आली असणार, हे धरूनही.

क्रांतियुद्धाच्या बाबतीत हीच उलथापालथ अधिक सभ्य वेषात घडते. १७७७ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात नव्या राज्याशी निष्ठेची शपथ सक्तीची केली. धाकटा झाउअर, जो बंधुसंघाचा वडील होता, त्याने ती घेतली नाही आणि १७७८ मध्ये छापखान्यासकट त्याची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन क्रांतीच्या कन्या’ या संस्थेच्या सभासदत्वासाठी क्रांतीला साहाय्य करणारा पूर्वज दाखवावा लागतो. शस्त्र न उचललेल्या पूर्वजाचे काय करायचे? त्या काळी भरलेला युद्धपुरवठ्याचा करही तेथे देशसेवा म्हणून धरला जातो. पूर्वजाने नाइलाजाने, कदाचित टोचणी लागून भरलेली रक्कम वंशजाच्या हाती आल्यावर सन्मानपत्र बनते. दस्तऐवज तोच, पावती तीच, निवेदक मात्र बदलला. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. पण पूर्वजाच्या मौनाचे हे भाषांतर त्याला विचारून झालेले नाही, हे वाचकाने विसरू नये.

या मंडळींचा आपल्या भूमीशी दुवा आहे. १८९४ मध्ये स्टोव्हर पतिपत्नी आणि बर्था रायन हे ब्रदरेन मिशनरी भारतात आले. पुढे त्यांचे कार्य मराठी मुलखात डहाणूपर्यंत पसरले आणि १९७० मध्ये ती मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाली. डहाणूकडच्या एखाद्या ब्रदरेन कुटुंबाने उद्या आपला कुलवृत्तांत लिहायला घेतला, तर क्रमांक १ कोणाला द्यायचा? पाण्यात प्रथम उतरलेल्या आजोबांना दिला तर ग्रंथ श्वार्त्सेनाउच्या जवळ जाईल आणि त्या आजोबांचे आईबाप कथेबाहेर राहतील. आईबापांपासून आरंभ केला, तर मूळ पुरुषाला बाप्तिस्मा नसलेला ब्रदरेन कुलवृत्तांत तयार होईल. पेनसिल्व्हेनियाच्या लेखकांना हा पेच जहाजाने सोडवून दिला होता. येथे जहाज नाही.