वंटमुरीपर्यंतचा गिअरबॉक्स

डिसेंबरच्या पहाटे बेळगावात पारा दहा-बारा अंशांवर येतो. माणसाला एवढ्या थंडीचं काही वाटत नाही, मफलर गुंडाळला की झालं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला मात्र ही थंडी चांगलीच जाणवते. रात्रभर उघड्यावर उभी असलेली ऑटोमॅटिक पिकअप अशा वेळी काढली, तर पहिले पंधरा-वीस किलोमीटर ती वेगळीच चालते. गिअर उशिरा पडतो, पडताना अंगाला कळतो, आणि इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा राहतो. नवी गाडी घेतलेले बरेच जण यालाच बिघाड समजून शोरूम गाठतात. मला तर या यंत्राचा सर्वांत वाचण्यासारखा भाग हाच वाटतो. तापल्यावर ऑटोमॅटिक आपलं काम इतकं बेमालूम करतो की त्यात हाताला लागेल असं काही उरत नाही. थंडीत मात्र त्याचा एकेक निर्णय वेगळा काढून बघता येतो.

सीमाभागात पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बोलेरो: पाठीमागे कोबी-फ्लॉवरची पोती, ताडपत्री घट्ट बांधलेली, पहाटे चोर्ल्यामार्गे गोव्याकडे निघालेली. तिला हाताचा गिअर असतो. थंडीत तिचा दुसरा गिअर सरळ जात नाही. घाई केली तर करकरतो. मुरलेला ड्रायव्हर क्लच दाबून पहिल्यातून काढतो, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबतो आणि मग दांडा हलक्या हाताने दुसऱ्यात सारतो. आत तेल घट्ट आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नाही, त्याच्या तळव्याला ते कळतं. चार-सहा किलोमीटरनंतर तोच हात आपोआप घाई करू लागतो.

ऑटोमॅटिकमध्ये हा तळवाच नाही. मग थांबायचं कधी आणि किती, हे कुणाला कळणार? माझ्या मते थंडीतल्या ऑटोमॅटिकचा सगळा रस या एका प्रश्नात आहे. ड्रायव्हरच्या हातातलं हे थांबणं कुणीतरी अभियंत्याने मोजून, आकड्यांत बसवून, गिअरबॉक्सच्या संगणकात लिहून ठेवलेलं आहे. तेलात बुडालेला तापमानाचा सेन्सर म्हणजे त्या यंत्राचा तळवा.

मी हे वाचलं ते हायलक्सवर. आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप अजून मोजक्याच दिसतात. इसुझूची व्ही-क्रॉस आहे, आणि जानेवारी 2022 मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स: 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, 500 न्यूटन-मीटरचा टॉर्क. ती बंगळूरजवळच्या बिडदीत बनते आणि बनवणाऱ्या कंपनीच्या नावात ‘किर्लोस्कर’ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. लोखंडी नांगराचं काम सुरू झालं तेही इथेच, आणि 1910 मध्ये ते औंध संस्थानातल्या माळावर गेले, जिथे पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गाडी बेळगावच्या रस्त्यावर चालवताना ते नाव मनात येतंच, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता तेलाकडे. ऑटोमॅटिकमध्ये तेलाला चार कामं असतात. ते वंगण देतं आणि उष्णता वाहून नेतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच इंजिनाची ताकद पुढे पोचवतं. शिवाय दाबाखाली बारीक वाटांतून जाऊन क्लचच्या चकत्या आवळतं, म्हणजे गिअर बदलणारं बोटही तेच. आजच्या पातळ तेलांचा चिकटपणा 40 अंशांना साधारण 23-24 सेंटीस्टोक असतो. 100 अंशांना तो साडेपाचच्या आसपास उतरतो. उलट दहा अंशांवर आणलं तर तो 40 अंशांच्या तिपटीहून वर जातो. म्हणजे तापून चालणाऱ्या गिअरबॉक्सच्या तुलनेत पहाटेचं तेल जवळजवळ दहापट घट्ट. थंडीत बरणीतल्या काकवीची धार जशी लवकर सुटत नाही, तसंच हे तेल व्हॉल्व्ह बॉडीच्या चिंचोळ्या वाटांत रेंगाळतं. क्लचच्या पिस्टनमागची जागा भरायला वेळ लागतो. ती भरेपर्यंत संगणकाने नवा गिअर पकडायची घाई केली तर मध्येच इंजिन मोकळं सुटेल, जास्त दाब दिला तर झटका बसेल. या दोहोंमधली जागा शोधायची, हे त्याचं पहाटेचं काम.

पहिला निर्णय गाडी हलण्याआधीच दिसतो. स्टार्टर मारल्यावर इंजिन हजाराच्या वर फिरत असतं. लिव्हर ‘पी’वरून ‘डी’वर आणला की अर्धा-एक सेकंद काही होत नाही, मग खालून एक ठोस ‘ठक्’ येते आणि गाडी ब्रेकवर किंचित पुढे रेलते. दुपारी हीच गोष्ट इतकी मऊ होते की डॅशबोर्डवर ‘डी’ उमटलेला बघूनच खात्री करावी लागते. फिरण्याचा वेग जास्त, तेल घट्ट, म्हणून ठोका मोठा. आरपीएमचा काटा थोडा खाली बसेपर्यंत थांबून मग लिव्हर ओढला तर ठोका निम्म्यावर येतो. बोलेरोवाल्याचं न्यूट्रलमधलं थांबणं ते हेच.

शहराबाहेर पडून निपाणीच्या महामार्गाने काकतीच्या दिशेने निघालं की पुढचं वाचायला मिळतं. तापलेली हायलक्स हलक्या पायाने चालवली तर अठराशेच्या आसपास वरचा गिअर घेते. पहाटे तोच गिअर काटा दोन हजार ओलांडून गेल्यावर पडतो. यामागे दोन हेतू आहेत. एक तेलाला वेळ देणं. दुसरा इंजिनासाठी: जास्त फेऱ्यांनी इंजिन आणि धुराच्या वाटेवरचा कॅटॅलिस्ट लवकर तापतात, आणि धूर लवकर स्वच्छ होतो. एक उशीर, पण तो दोघांसाठी केलेला. ही काटकसर मला फार आवडते.

खरा सुंदर भाग मात्र लॉक-अपचा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये फक्त तेल असतं, त्यामुळे थोडं घसरणं आलंच. महामार्गावर ते घसरणं वाया जाऊ नये म्हणून आतला एक क्लच दोघांना थेट जोडतो. थंडीत संगणक हा क्लच लावू देत नाही. अनेक गाड्यांत सगळ्यात वरचा गिअरही तेवढा वेळ राखून ठेवलेला असतो. हे ओळखायचं कसं? होनगा ओलांडून रस्ता मोकळा झाला की पाय एका जागी स्थिर ठेवा आणि मग ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबा. काटा आधी उडी मारतो आणि वेग मागून येतो. दोघांमध्ये तेल आहे, घट्ट जोड नाही. असंच अधूनमधून करत राहा. भूतरामहट्टीच्या पुढे, वंटमुरी घाटाच्या अलीकडे, एका क्षणी पाय हललेला नसताना काटा दीड-दोनशे फेऱ्यांनी खाली बसतो. गिअर बदललेला नाही, फक्त जोड लागली. त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की काटा आणि वेग एकत्र चढतात. इंजिनाचं पाणी केव्हाच तापलेलं असतं, काकतीच्या आसपासच त्याचा काटा मधोमध आलेला असतो. गिअरबॉक्सचं तेल मात्र पाण्याच्या खूप मागून तापतं. त्या दोघांमधलं हे दहाबारा किलोमीटरचं अंतर म्हणजेच माझ्या लेखी या प्रवासाचा गाभा.

आणि हे घाटाच्या आधी झालेलं बरंच. वंटमुरी उतरताना जोड लागलेली असली तर इंजिनाचा ब्रेक नीट मिळतो.

निपाणीहून उलटं निघालं तर याच यंत्राचा दुसरा पाठ ऐकायला मिळतो. निपाणीत रात्र काढून पहाटे बेळगावकडे निघालं की पाचसहा किलोमीटरांत तवंदी घाटाचा चढ सुरू होतो. तेल अजून थंडच. त्यात गळीत हंगाम, म्हणजे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डाव्या बाजूला रांगेने. ओलांडायला पाय दाबला की गिअरबॉक्स एक क्षण विचार करतो, मग खालचा गिअर ठामपणे पकडतो आणि सोडतच नाही. जोड अजून लागलेली नसते, कन्व्हर्टर जोरात तेल घुसळतो, आणि त्या घुसळण्यातूनच उष्णता तयार होते. एरवी तोटा म्हणून मोजलं जाणारं घसरणं इथे औषध होतं. स्तवनिधी मागे टाकून घाटमाथ्यावर आलं की कणगल्याच्या सपाटीला काटा खाली बसलेला दिसतो. बेळगावकडून निघाल्यावर जे वीस किलोमीटरांत होतं ते इथे निम्म्यात झालं, आणि तेही चढावर. मला विचाराल तर पहिली ओळख बेळगावच्या बाजूनेच करावी. तिथे सगळं सावकाश उलगडतं. तवंदीला ताकद दिसते, पण बारकावे ट्रॅक्टरांच्या गर्दीत निसटतात.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. तिथे आयुष्य घालवलेल्या माझ्या एका मामांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. “अरे, तेल तापल्याबिगर टेस्ट बेंचवर व्हॉल्व्ह लावायचाच नाही,” ते म्हणाले, “थंड तेलावर चांगला व्हॉल्व्ह पण खोटं बोलतोय.” संगणकही हेच पाळतो. गिअर मऊ पडावा म्हणून तो सतत स्वतःच्या नोंदी सुधारत असतो, पण या सुधारणा बहुतेक गाड्यांत तेल ठरावीक तापमानात आल्यावरच होतात. थंडीतले गिअर तो आधीपासून लिहून दिलेल्या कोष्टकावरून टाकतो. पहाटेचा अनुभव तो शिकण्यासाठी धरत नाही.

म्हणूनच रस आणि रोग यांतला फरक ओळखणं सोपं आहे. तेल तापल्यावर जे नाहीसं होतं ते थंडीचं. अर्ध्या तासानंतरही ‘डी’ला दोन-तीन सेकंद लागत असतील, दुपारीही झटके बसत असतील, तेल काळं पडून जळका वास येत असेल, तर ते दुखणं आहे आणि त्याला मिस्त्रीच हवा. आपल्याकडे एक सल्ला सर्रास मिळतो की सकाळी पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवावी. त्याने इंजिन थोडं तापतं, गिअरबॉक्स फारसा नाही. ‘पी’मध्ये कन्व्हर्टरवर भारच नसतो, तेल घुसळलं जात नाही. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवावा, हे जास्त शहाणपणाचं. ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ या भाषेवरही माझा विश्वास नाही. घाट चढणाऱ्या, माल वाहणाऱ्या गाडीचं तेल थकतं, आणि थकलेल्या तेलाची पहाट नव्या तेलासारखी वाचता येत नाही.

एडमंटनला राहणारा माझा भाचा दहा गिअरची फोर्ड एफ-150 चालवतो. तिथे पारा उणे तीसवर जातो, रात्रभर ब्लॉक हीटरची वायर भिंतीला लावलेली असते. तो हीटरही इंजिनाचंच पाणी तापवतो, गिअरबॉक्स गारच राहतो. सकाळी पहिले काही किलोमीटर वरचे गिअर गाडी देतच नाही, असं तो सांगतो. त्या थंडीत मात्र जगणंच आधी, वाचन नंतर. बेळगावच्या दहा-बारा अंशांचं भाग्य असं की उशीर दिसण्याइतका असतो, अडण्याइतका नसतो.

कुणाकडे अशी गाडी असेल तर जानेवारी संपायच्या आत एकदा जा. साडेपाचला निघा, गाणी बंद ठेवा, क्रूझ कंट्रोल लावू नका, आणि काकती ओलांडल्यापासून डोळा रस्त्यावर ठेवून कान इंजिनाकडे द्या. जोड लागते तेव्हा आवाज एका पायरीने उतरतो, काट्याकडे बघायचीही गरज पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पहाट उबदार होते आणि ही पायरी होनग्याच्या आधीच येऊन जाते.