‘अप्रतिम’च्या पुढे काय लिहायचं?

शहरात चित्रप्रदर्शन भरलं की दुसऱ्या दिवशी बातमी येते. उद्घाटन कुणी केलं, व्यासपीठावर कोण होतं, प्रदर्शन कधीपर्यंत खुलं आहे, हे सगळं त्यात असतं. चित्रं कशी होती, हे मात्र नसतं. फार तर ‘रसिकांना मोहून टाकणारी’. ही बातमी झाली, समीक्षा नव्हे.

समीक्षा लिहायला शिकण्यासाठी मुंबईच्या गॅलऱ्यांत राबता हवा, असं समजलं जातं. मी पडेगावात राहतो आणि मला तसं वाटत नाही. इथून मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, खुलताबाद करत एसटी वेरूळला जाते. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवायचं.

वेरूळबद्दलही आपण बातमीच सांगतो. आधी कळस मग पाया, एकाच कातळात कोरलेलं, इतके टन दगड बाहेर काढला. हे ऐकून माणूस थक्क होतो आणि थक्क झालेला माणूस बघायचं थांबतो. म्हणून एक सोपा सराव सुचवतो. एकच विषय दोन ठिकाणी बघायचा आणि फरक लिहून काढायचा.

विषय घ्या, कैलास हलवणारा रावण. १४ क्रमांकाच्या लेण्याला ‘रावण की खाई’ म्हणतात. तिथे आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर शैव शिल्पांची ओळ आहे. महिषासुरमर्दिनी, सारीपाट खेळणारे शिव-पार्वती, नृत्य करणारा शिव, आणि त्यांच्याच रांगेत हा रावण. प्रत्येक प्रसंग आपापल्या चौकटीत. आपण चालत जातो आणि गोष्टीमागून गोष्ट वाचत जातो. रावण इथे त्या ओळीतला एक प्रसंग आहे.

आता थोडं चालून १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यात या. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडलेलं. मंदिराच्या दक्षिण बाजूला तोच प्रसंग आहे. पण इथे रावण भिंतीला चिकटलेला नाही. खाली खोल पोकळी कोरून त्याला तिच्यात जवळजवळ सुटा ठेवलाय. त्याच्याभोवती अंधार, वर उजेडात शिव-पार्वती. पार्वती घाबरून शिवाचा हात धरते, दासी पळत सुटते, शिव मात्र निवांत पाय दाबून बसलेला.

आता मत द्यायची वेळ. माझ्या मते १६ मधलं शिल्प जास्त मोठं आहे, आणि त्याचं कारण फक्त कोरीवकामातली सफाई नाही. रावण इथे ‘कैलास’ नावाच्या मंदिराच्याच तळाशी आहे. त्यामुळे तो कोरलेला डोंगर हलवत नाही, आपल्या डोक्यावर उभं असलेलं अख्खं देऊळ हलवतो. १४ मध्ये भार आपल्याला सांगितला जातो, १६ मध्ये तो जाणवतो. हे तुम्हाला पटणार नाही कदाचित. पण वाद कशावर घालायचा, हे आता तुमच्या हातात आहे. ‘अप्रतिम’शी कुणी वाद घालू शकत नाही, हीच त्या शब्दाची अडचण.

मग शब्द आणायचे कुठून? घरातून, बाजारातून. द. ग. गोडसे यांनी १९६३ साली कलेवरच्या पुस्तकाचं नाव ठेवलं ‘पोत’. कापड चिमटीत धरून बघणाऱ्याचा शब्द. हिमरू आणि पैठणीच्या मुलखात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भार, तोल, उठाव, पोकळी, वीण हे शब्दही तसेच. ‘विलोभनीय’पेक्षा कितीतरी कामाचे.

खरी परीक्षा पुढे आहे. वेरूळचा शिल्पकार रागावत नाही. शहरातला चित्रकार उद्या चहाच्या टपरीवर भेटणार असतो. म्हणून जिवंत माणसाच्या कामावर लिहून छापायला देताना काही पथ्यं पाळावी लागतात. उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर एकट्याने पुन्हा जायचं. फोनमधल्या फोटोवरून लिहायचं नाही, कारण फोटोत हातभर आणि भिंतभर चित्र सारखंच दिसतं. शीर्षक, माध्यम, आकार, साल तपासून घ्यायचं. चित्रकार मित्र असेल तर वाचकाला तसं सांगायचं. आणि तक्रार करायची ती नेमक्या चित्राबद्दल, नेमकी जागा दाखवून. ‘रंग जमले नाहीत’ ही कुजबुज आहे. ‘खालचा तपकिरी पट्टा एवढा जड झालाय की वरची माणसं तरंगतात’ ही समीक्षा आहे.

अशा लेखाने चित्रकार दुखावेल का? दुखावेल कदाचित. पण त्याने दोन वर्षं खपून पंचवीस चित्रं केली, आणि बदल्यात त्याला शाल, श्रीफळ आणि ‘अप्रतिम’ मिळालं. त्यातल्या कोणत्या चित्रापुढे कोण किती वेळ थांबलं आणि का, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ते सांगणारं कुणीतरी याच शहरातलं असायला हवं.