नेमोची मातृभाषा

एखाद्या मान्यवर कादंबरीवरून चित्रपट निघाला की काय गाळले, काय बदलले आणि शेवट मूळचा की पदरचा, असा एक ठराविक वाद समीक्षेत सुरू होतो. वैज्ञानिक कादंबरीच्या बाबतीत तो बहुधा यंत्रांपाशी अडकून पडतो. ज्यूल्स व्हर्नच्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या कादंबरीवरील चित्रपटांविषयी जे लिहिले जाते त्यातही नॉटिलस ही पाणबुडी पडद्यावर कशी दिसली आणि महाकाय माकुल खरा वाटला की खोटा, यांचीच चर्चा अधिक असते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याला निराळाच प्रश्न पडतो. त्या नावेवर माणसे कोणत्या भाषेत बोलत होती?

हा प्रश्न आगंतुक नव्हे. तो व्हर्ननेच उभा केलेला आहे. प्राध्यापक आरोनॅक्स, त्याचा सेवक कॉन्सेय आणि भालाईत नेड लँड हे तिघे नॉटिलसवर कैद होतात, तेव्हा दोन अनोळखी पुरुष त्यांना पाहावयास येतात. कैदी आपली हकीकत क्रमाने फ्रेंच, इंग्रजी, जर्मन आणि अखेर लॅटिन भाषेत सांगतात. समोरच्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. ते दोघे आपसांत काही बोलतात, पण ती भाषा आरोनॅक्सला मुळीच ओळखता येत नाही. चेहरेपट्टीवरून ते दक्षिणेकडचे वाटतात. मात्र स्पॅनिश, तुर्क, अरब की हिंदी, याचा निर्णय त्याला करता येत नाही. त्यांतील एक असलेल्या नेमोला या चारही भाषा उत्तम येत होत्या, हे मागाहून उघड होते. त्याने मौन पाळले ते विचार करण्यासाठी. पुढे नावेचा दुय्यम अधिकारी रोज सकाळी क्षितिज न्याहाळून चार शब्दांचे एकच वाक्य उच्चारतो. लेखक ते वाक्य देतो, परंतु त्याचा अर्थ देत नाही.

मराठवाड्याच्या वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. माझ्या आजोबांच्या पिढीने निजामी राज्यात उर्दूतून शिक्षण घेतले, बाजारात दखनी वापरली आणि घरात मराठी राखली. कोणती भाषा येते हे कोणासमोर दाखवावे व कोणासमोर झाकावे, याचे भान त्या पिढीला उपजत होते. चार भाषा समजत असूनही ठोकळ्यासारखा उभा राहणारा माणूस या प्रदेशात कादंबरीबाहेरही भेटत असे.

नेमोचे मूळ लपविण्यामागे मात्र निराळा इतिहास आहे. व्हर्नच्या मनात प्रथम होता तो एक पोलिश सरदार. 1863 च्या पोलिश उठावात रशियनांनी त्याचे कुटुंब नष्ट केलेले असावे, अशी ती कल्पना होती. प्रकाशक हेट्झेल याला रशियातील ग्राहक गमवायचा नव्हता. परिणामी 1869-70 मध्ये कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली तेव्हा नायकाला देश उरला नव्हता. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणी नव्हे' असा आहे. व्हर्नचे मोठेपण असे की, बाजाराने लादलेली ही उणीव त्याने कथेचे मर्म बनविली. देश सांगता येत नाही, म्हणून देशाची खूण पटविणारी भाषाही त्याने कुलुपात ठेवली.

ते कुलूप 'गूढ बेट' या 1874-75 च्या कादंबरीत उघडते. नेमो हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, 1857 च्या संग्रामातील एक पुढारी. इतिहासाच्या कसोटीवर ही वंशावळ टिकत नाही. त्याचे 'डक्कर' हे नावही कोणत्याच भारतीय भाषेतले वाटत नाही. ते 'ठाकूर' या शब्दाचे रूप असेल काय, हा मोह मलाही होतो. पण महाप्राण अघोष 'ठ' चा सघोष 'ड' कसा झाला, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. असो. ज्या आर्थर वेलस्लीने 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात भाग घेतला, तोच 23 सप्टेंबर 1803 रोजी आमच्या भोकरदन तालुक्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी लढला. शिवाय बुंदेलखंड म्हटले की झाशी आणि झाशीचे मराठी बोलणारे राजघराणे आठवते. व्हर्नला यांपैकी किती ठाऊक होते हा भाग अलाहिदा. आपल्याला ते विसरता येत नाही.

आता चित्रपटांकडे वळू. 1916 मध्ये स्टुअर्ट पेटन याने युनिव्हर्सल कंपनीसाठी काढलेला चित्रपट त्या काळाच्या मानाने अत्यंत खर्चिक होता. विल्यमसन बंधूंनी बहामा बेटांजवळ समुद्रात उतरविलेल्या नळीच्या टोकाशी काचेची खोली बसवून त्याचे पाण्याखालील चित्रण केले. त्यात दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफलेल्या आहेत. ॲलन होलुबारने रंगविलेला नेमो रंग फासलेला गोरा नट आहे खरा, पण त्याची भूमिका भारतीय राजपुत्राची आहे.

1954 साली डिस्नेने रिचर्ड फ्लायशरच्या दिग्दर्शनाखाली काढलेला भव्य चित्रपट मात्र बोलका आहे. जेम्स मेसनच्या संथ, सुसंस्कृत इंग्रजीतून त्यातला नेमो प्रकट होतो. तो रुरा पेंथी नावाच्या कैदखान्यातून सुटलेला आहे. त्याच्या बायकामुलांचा छळ करून बळी घेणारे एक राष्ट्र आहे. त्या राष्ट्राला नाव नाही. हिंदुस्थानचा उल्लेख नाही. खलाशीही इंग्रजीच बोलतात. मूकपटाला नेमो हिंदी ठेवता आला आणि चित्रपटाला वाचा फुटल्यावर तो हिंदी राहिला नाही, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. मूकपटातल्या माणसाचे देशत्व पाटीवर लिहिता येते. बोलपटात ते उच्चारातून कळते, आणि प्रेक्षकाला परका न वाटणारा उच्चार निवडला की पात्राचा देशही निवडला जातो. हेट्झेलने व्यापारासाठी जे केले तेच येथे पुन्हा घडले. फरक इतकाच की या वेळी रिकाम्या जागेत मौन नव्हते, मेसनचा आवाज होता.

या हानीचे मोजमाप एका प्रसंगावरून करता येते. कादंबरीत माकुल एका खलाशाला उचलतो आणि तो मदतीसाठी हाक मारतो ती फ्रेंच भाषेत. आरोनॅक्स हादरतो, कारण आपला एक देशबांधव इतके दिवस याच नावेवर होता. मरणाच्या क्षणी तो माणूस नावेवरची सांकेतिक बोली विसरला आणि आईच्या भाषेकडे परतला. दगावलेल्या सोबत्यासाठी नेमो रडतो. संपूर्ण कादंबरीचा भाषिक ताण या एका हाकेत सुटतो. हाच प्रसंग डिस्नेने प्रथम संथ समुद्रावर, सूर्यास्ताच्या प्रकाशात चित्रित केला. तो बनावट दिसतो असे आढळल्यावर रात्रीच्या वादळात अफाट खर्चाने पुन्हा घेतला. दृश्य थरारक आहे, हे मान्यच केले पाहिजे, आणि विशेष दृश्यांचे ऑस्कर पारितोषिकही चित्रपटाला उगीच मिळालेले नाही. पण ती हाक त्यात नाही. कादंबरीत नेमो नेडला वाचवितो, येथे कर्क डग्लसचा नेड नेमोला वाचवितो. पाण्याच्या वादळावर जेवढे कष्ट झाले त्याच्या शतांशाने एक परभाषी हाक ध्वनिमुद्रित झाली असती.

त्यानंतर नेमोला देश परत मिळाला. 2003 च्या 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' मध्ये नसीरुद्दीन शहा नेमो झाले, पण पगडी, दाढी, तलवार आणि कालीमूर्ती यांच्या ओझ्याखाली ती भूमिका दबून गेली. 2024 च्या 'नॉटिलस' या मालिकेतील नेमो कंपनी सरकारशी झुंजतो. भारतीयत्व पोशाखात आले, कथानकात आले. नावेची भाषा इंग्रजीच राहिली.

मराठीत व्हर्न आणणाऱ्यांत भा. रा. भागवत (1910-2001) यांचे स्थान मोठे आहे. मराठी अनुवादकापुढे मात्र चित्रपटाच्या उलट अडचण उभी राहते. मराठी पुस्तकात आरोनॅक्सही मराठी बोलतो, नेडही, नेमोही. फ्रेंच हाकसुद्धा मराठीत आली तर ती परकी राहत नाही. मग वाचकाला दचकवायचे कसे? एका तासाला हा प्रश्न विचारला असता माझ्या विद्यार्थिनीने सुचविले की, सगळे पुस्तक प्रमाण मराठीत असावे आणि मरणाऱ्या खलाशाची हाक तेवढी आमच्या इकडच्या बोलीत यावी, 'आगं माय' अशी.