वंशावळीत न मावलेली पणजी

१९५४-५५च्या खासरा पत्रकात माझ्या पणजोबांचं नाव आहे. मराठवाड्यात जुन्या जमिनीचा शोध बहुधा या पत्रकापाशी येतोच, आणि बीड जिल्ह्यातलं आमचं घर त्याला अपवाद नाही. त्याच्याही मागे गेलं की निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद लागतात. त्यावरची वर्षं फसली सनातली असतात. हैदराबादच्या फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. हा हिशेब जमू लागला तसे पणजोबा सापडत गेले. पणजी मात्र एकाही कागदावर नव्हती.

आपल्या घराचा इतिहास लिहायचा तर नमुना हवा, म्हणून मी कुलवृत्तांत वाचायला घेतले. विसाव्या शतकात अनेक मराठी घराण्यांनी, विशेषतः कोकणातून आलेल्यांनी, हे ग्रंथ सिद्ध केले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, मग एकेका व्यक्तीची माहिती. पत्रं पाठवून, गावोगाव फिरून जमवलेल्या या मजकुरामागची चिकाटी थक्क करते. बायकोचं माहेरचं नावही पुष्कळदा त्यात मिळतं. पण मुलगी आली की तिचं सासर नोंदवून ती रेघ थांबते. मी मुलगी आहे. अशा ग्रंथात माझीही रेघ तिथंच थांबली असती.

याचा दोष एकट्या संपादकाला देता येत नाही. हा प्रकारच एका प्रश्नावर उभा आहे: हा कोणाचा मुलगा? महसुली कागदाचा प्रश्न वेगळा: जमीन कोणाची? दोन्हींच्या उत्तरात बहुतेक वेळा पुरुषच येतो. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. कधी वंशावळ न लिहिलेल्या घरांत ती लिहिली जाऊ लागली. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडची रक्ताची नाती दाखवावी लागतात, म्हणून या वंशावळीही बापाकडूनच चढत जातात. ती गरज खरी आहे. पण अर्जाला जोडलेली वंशावळ म्हणजेच घराचा इतिहास, असं मानलं की आईकडची वाट कायमची बुजते.

पणजीचा माग लागला तो माळ्यावरच्या पितळी हंड्यामुळे. आंदणाच्या भांड्यांवर नाव घालून देण्याची रीत आपल्याकडे होती. चिंचेनं घासल्यावर ठोक्यांची अक्षरं दिसली: एका पुरुषाचं नाव, खाली गाव नेकनूर. तो तिचा भाऊ असावा, किंवा वडील. म्हणजे तिच्या स्वतःच्या हंड्यावरही नाव देणाऱ्याचं होतं, तिचं नव्हतं.

भावकीतल्या चुलत आजीला विचारलं. ती म्हणाली, “आम्ही तर तिला नेकनूरकरीणच म्हणायचोत. नाव कोण घेतंय माय?”

घरातल्या एकुलत्या एक फोटोत पणजोबा पागोटं घालून खुर्चीवर बसलेत. शेजारी कोणी नाही. पण हंडा आणि चुलत आजीची आठवण एकमेकींना दुजोरा देतात, आणि माझ्या मते हा पुरावा खासरा पत्रकाहून कमी दर्जाचा नाही. तो फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो: ही कुठून आली?

कुलवृत्तांतांकडून माझी मागणी इथंच आहे. त्यांनी जे सापडलं ते नीट मांडलं. जे सापडलं नाही त्यासाठी जागा ठेवली नाही. रिकामी जागा छापली नाही की वाचणाऱ्याला वाटतं, तिथं कोणी नव्हतंच. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं सरकारी कागदांवर बंधनकारक झालं आहे. पुढं शोधणाऱ्यांचं काम त्यानं सोपं होईल. मागच्या बायांसाठी मात्र आपल्यालाच लिहावं लागेल.

आमच्या वंशावळीत पणजोबांशेजारी मी आता एक ओळ घातली आहे: ‘नेकनूरकरीण. पाळण्यातलं नाव मिळालं नाही. आधार: पितळी हंडा आणि चुलत आजीची आठवण.’ तिच्यापासून वर, नेकनूरच्या दिशेनं, एक रेघ काढून ठेवली आहे.