आधी दान, मग पात्र

फासा टाकल्यावर जे पडते त्याला मराठीत 'दान' म्हणतात. कथेत वा नाटकात जे वावरते ते 'पात्र'. धर्मशास्त्राने या दोन शब्दांची सांगड फार पूर्वीच घालून ठेवली आहे : दान सत्पात्री असावे. म्हणजे पात्रता आधी आणि दान नंतर. गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्त्य जगात रुजलेल्या एका खेळाने हा क्रम नेमका उलटा केला. तेथे दान आधी पडते आणि पडलेल्या दानातून पात्र घडवावे लागते. वरवर करमणुकीचा वाटणारा हा बदल पात्रनिर्मितीसंबंधीच्या रूढ वाङ्मयीन धारणांना छेद देणारा आहे, आणि मराठी साहित्याच्या संदर्भात त्याला काही वेगळा अर्थही प्राप्त होतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती काही मंडळी बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो; इतर प्रत्येकजण एकेका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. पात्रांच्या तोंडची वाक्ये कोणी लिहून ठेवलेली नसतात आणि शेवटही ठरलेला नसतो. मूळ नियमांनुसार पात्राचे सहा गुण असतात : शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकावयाचे आणि येणारी बेरीज, ३ पासून १८ पर्यंत, ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने नोंदवावयाची. या गणितातही एक जीवनदृष्टी दडलेली आहे. तीन फाशांची दाने २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी १८ देणारा प्रकार एकच आणि ३ देणारा प्रकारही एकच. उलट ९ ते १२ या मधल्या बेरजा १०४ प्रकारांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा येतात. तेव्हा फाशांतून जन्मणारे पात्र बहुधा सामान्य असते. एखाद्या गुणात उजवे, एखाद्यात लंगडे. महानायक क्वचितच जन्माला येतो.

मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर' (१९७७) या खेळाने ही कल्पना आणखी पुढे नेली. तेथे पात्राचे पूर्वायुष्यही फाशांनी ठरते. चार चार वर्षांच्या सेवेचा एकेक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यावर पात्र जगले की नाही याचे दान. मूळ नियमांत ते दान चुकले तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरण पावते. चरित्र लिहिता लिहिताच चरित्रनायक हातातून निसटावा, असा हा अनुभव आहे.

पुढे खेळाडूंना ही लहर जाचू लागली. १९७९ च्या नियमपुस्तकात चार फासे टाकून त्यांतील सर्वांत लहान आकडा वगळण्याची सवलत आली. 'चॅम्पियन्स' (१९८१) आणि 'गर्प्स' (१९८६) या खेळांनी फासे बाजूला ठेवून ठरावीक गुणांकांच्या भांडवलातून पात्र विकत घेण्याची रीत रूढ केली. आता खेळाडू प्रथम ठरवतो, आपल्याला योद्धा हवा की मांत्रिक, आणि मग त्याला साजेसे गुण खर्चाचा हिशेब मांडून बसवतो. ही रीत भारतीय वाचकाला अपरिचित नाही. धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत हे नायकभेद आधी निश्चित करून त्यांना अनुरूप गुणांची योजना करणारे नाट्यशास्त्र याच वाटेने गेले होते. साचा आधी, व्यक्ती नंतर. अशा पात्रात विसंगती उरत नाही. उरलीच तर तो नाटककाराचा दोष ठरतो.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. फाशातून येतात ते केवळ आकडे. स्वभाव म्हणजे आकड्यांची बेरीज नव्हे. घटनाक्रम संभाव्य किंवा अनिवार्य असावा, असे ॲरिस्टॉटल सांगतो आणि स्वभावचित्रणालाही तीच कसोटी लावतो. मग यदृच्छेतून आलेल्या पात्राला कलात्मक प्रतिष्ठा कशी द्यावयाची? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्यच करावयास हवा. आकडे हा स्वभाव नव्हे. मात्र ते स्वभावाविषयीचा प्रश्न असतात. बुद्धी १५ आणि शहाणपण ६, अशी दाने पडली की खेळाडूला विचार करणे भाग पडते : इतका तल्लख माणूस इतका अविचारी का? या 'का'चे उत्तर शोधताना भूतकाळ, नातीगोती, एखादी जुनी जखम असे सारे उभे राहते. यदृच्छा केवळ आरंभापुरती असते; संभाव्यता आणि अनिवार्यता तेथून पुढे माणसाने घडवावयाची असते. महाभारतातील धर्मज्ञ युधिष्ठिराला द्यूताची ओढ आहे आणि द्यूताचे कौशल्य नाही. आदर्श राजा योजून घडविणाऱ्याने हा गुण त्याच्या पदरात कधीच टाकला नसता. तो तेथे आहे म्हणूनच सभापर्व घडते.

मराठवाड्याच्या भूमीत या विचाराला जुने आधार सापडतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वेरूळला २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिवपार्वतींच्या द्यूतक्रीडेची शिल्पे आहेत. पुराणकथांतला शिव या खेळात हरतो. म्हणजे ईश्वरही पटावर बसला की दानाच्या अधीन होतो. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात शिवाच्या या द्यूताचाच सविस्तर विचार केला आहे. त्याहून महत्त्वाचा दाखला 'लीळाचरित्रा'चा. चक्रधरांचे पुढील आयुष्य पैठण आणि गोदातीराशी जोडलेले. पण म्हाइंभटांनी नोंदविलेला त्यांचा आरंभ गुजरातेतला आहे. प्रधान विशाळदेवाचा पुत्र हरिपाळदेव मरण पावतो आणि त्याच्या मृत देहात चांगदेव राउळ प्रवेश करतात. त्या देहासोबत घर येते, पत्नी कमळाइसा येते आणि जुगारही येतो. हरलेल्या पैशांसाठी मागितलेले दागिने पत्नी नाकारते. मन उदास होते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घर सोडतात. अवताराच्या चरित्रात जुगार शोभत नाही, म्हणून तो गाळून टाकण्याचा मोह म्हाइंभटांना झालेला दिसत नाही. संप्रदायाच्या दृष्टीने ही लीळाच. वाङ्मयीन दृष्टीने पाहता वाट्याला आलेला देह आणि त्यातून उमललेली व्यक्ती यांच्यातील हे अंतर मराठीच्या आद्य गद्य चरित्राला जिवंत करते.

तथापि दानाचा हा विचार केवळ पात्रनिर्मितीपुरता राहत नाही. या देशात जन्म हे सर्वांत मोठे दान आहे, आणि कर्मसिद्धान्ताने त्याचा सत्पात्री हिशेब लावला : ज्याला जे कुळ मिळाले ते त्याच्या पूर्वजन्मीच्या पात्रतेनुसार. फासा याच्या नेमके विरुद्ध बोलतो. जे पडले ते कमावलेले नाही. म्हणून त्याचा अभिमान नको आणि त्याची लाजही नको. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) गावगाड्यातील हिश्शाचे नाव धारण करते. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) जन्मावरच मारलेल्या शिक्क्याचे. दोन्ही आत्मकथने वाट्याला आलेल्या जन्मापासून सुरू होतात आणि तो आपल्या पात्रतेचा निवाडा आहे हे मानावयास नकार देतात. ज्या शहरातून गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला व्यासपीठ दिले, तेथील वाचकाला हा नकार समजावून सांगावा लागत नाही.

परंतु येथेच उपमेची मर्यादाही स्पष्ट करावयास हवी. टेबलावर प्रत्येकाच्या हाती तेच तीन फासे असतात. समाजाच्या पटावर तसे नव्हते. तेथले फासे शकुनीचे होते, आणि दान कोणाला कसे पडावयाचे हे आधीच ठरलेले होते. ठरवून केलेल्या अन्यायाला नशीब म्हणणे ही फसवणूकच होय. खेळात वाईट दान पडलेल्याला पात्र फाडून नवे करता येते. आत्मकथनाच्या लेखकाला ती मुभा नसते. खेळातील यदृच्छा निर्मळ असते ती तिच्यामागे कोणाचाही हेतू नसतो म्हणून. जेथे हेतू आहे तेथे समीक्षकाने फाशाची भाषा सोडून फासे कोणी घडविले हे विचारले पाहिजे.

एवढे भान ठेवले तर या खेळापासून मराठी समीक्षेला घेण्यासारखे पुष्कळ आहे. पात्र हे लेखकाच्या इच्छेचे केवळ साधन असते, किंवा एखाद्या वर्गाचे प्रतिनिधीच असते, असे मानणाऱ्या दोन्ही भूमिका गुणांकांच्या हिशेबासारख्या आहेत. दोहोंतही निष्कर्ष आधी ठरलेला असतो. न मागितलेल्या, न जुळणाऱ्या गोष्टींशी पात्र कसे झुंजते, हा प्रश्न त्यांच्यातून निसटतो. पात्रता ही दान मिळण्याची पूर्वअट नव्हे. पडलेल्या दानाचे माणूस पुढे काय करतो, त्यातूनच ती सिद्ध होते.